इटलीतल्या मंडईत बसून जेवलात का? तुमचे अनुभव लिहा

मेतकूट_भात:
काल पुण्यात फुले मंडईत गेले होते. ओली मेथी आणि भिजलेलं गोणपाट यांचा वास आला आणि एकदम फ्लॉरेन्सच आठवलं. तिथल्या सान लोरेन्झो भागातली मंडई, मेर्कातो चेंत्राले. लोखंड आणि काचेची प्रचंड इमारत, १८७४ ची. मिलानच्या काचेच्या छताच्या प्रसिद्ध गॅलरीचा वास्तुविशारद जुझेप्पे मेंगोनी, त्याचीच ही पण. खाली खाटीक, चीजवाले, भाजीवाले आणि त्यांच्यातच नेर्बोने म्हणून एक जुनी खानावळ. पाटीवर १८७२ लिहिलंय, म्हणजे इमारतीच्याही आधीचं.

आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, मग पावती घेऊन काउंटरपाशी उभं राहायचं. नवऱ्याने लाम्प्रेदोत्तो घेतलं, म्हणजे गाईच्या चौथ्या जठराची वजडी. आतला माणूस वाफाळत्या पातेल्यातून काट्याने तुकडा उचलतो, फळीवर सपासप कापतो, मीठ-मिरपूड टाकतो आणि पावाचा वरचा अर्धा भाग त्याच रश्श्यात बुडवून वर ठेवतो. वर हिरवी चटणी, तिखट हवी तर तीही. मी रिबोलिता घेतली. समोरच्या बाकावर एप्रनवर रक्ताचे डाग असलेला खाटीक जेवत होता. त्याने न विचारता माझ्या पेल्यात पाणी ओतलं आणि पुन्हा जेवायला लागला. त्या जेवणाइतकं घरचं मला परदेशात कुठेच वाटलं नाही. तुमचेही अनुभव लिहा ना.

खडीसाखर:
मस्त! रिबोलिता म्हणजे काय ते पण लिही की. आणि आम्ही शाकाहारी, आमचं काय तिथे?

मेतकूट_भात:
अगं, शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळपट पानांचा केल (कोबीच्या जातीची पालेभाजी), सगळं शिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात. एकदम दाट होतं, चमचा उभा राहतो. पण विचारून घ्यायचं हं, काही ठिकाणी डुकराचं मांस घालतात. टोमॅटो आणि पावाची पाप्पा अल पोमोदोरो पण छान. तिथला पाव अळणी असतो, म्हणून असल्या पदार्थांत बरोब्बर बसतो.

सह्यवेडा:
+१. नेर्बोनेला दुपारच्या जेवणालाच जा, खालचा बाजार दुपारीच आवरतो. वरचा मजला २०१४ ला नव्याने सुरू झाला, तो रात्रीपर्यंत चालू असतो. पिझ्झा, पास्ता सगळं आहे, बसायला जागा भरपूर. पोरांना घेऊन सोयीचं. पण जेवण खालीच करा, वर कॉफी प्या.

पादोव्याची_पोर:
मी उत्तर इटलीतल्या पादोव्यात शिकते. इथे पालाझ्झो देला राज्योने आहे, १२१८ साली बांधायला सुरुवात केलेली. वर जुन्या न्यायालयाचा भलामोठा दिवाणखाना आणि त्याच्या खाली मांस, चीज, मासळीची दुकानं, अजून चालू! एका बाजूला भाजीचा चौक, दुसऱ्या बाजूला फळांचा. परीक्षा झाली की आम्ही तिथे उभ्यानेच त्रामेझ्झिनो, म्हणजे त्रिकोणी सँडविच खातो. लेक्चरला चाललेय, नंतर लिहिते.

गोडांबा:
सिसिलीतलं पालेर्मो राहिलं की हो! बालारो बाजारात पानेल्ले खाल्ले. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ शिजवून, थापून, थंड करून तळतात. अगदी आपल्या पाटवड्या तळल्यासारख्या. तिळाच्या पावात घालून देतात, वर लिंबू. शाकाहारी मंडळींनी डोळे मिटून खावं. आजूबाजूला भाजीवाले असे ओरडत होते की माझ्या आईला वाटलं भांडण जुंपलंय.

भाजणी_थालीपीठ:
गोडांबा, आईंना नेलं होतंत? माझ्या सासूबाई जायचं म्हणतात, गुडघे दुखतात. फार चालावं लागतं का?

गोडांबा:
चालणं आहे ताई, आणि दगडी फरश्या. बूट चांगले द्या. दुपारी हॉटेलवर आराम, संध्याकाळी परत बाहेर, असं करा. आईने चाळीस वर्षं मुंबईत लोकल पकडलीये, ती माझ्यापुढे होती.

कोकणी_काका:
रोममध्ये एका बाजाराजवळच्या हॉटेलात आमचा मूड गेला. पाव मागितला नव्हता, तो आणून ठेवला आणि बिलात लावला. वर कोपेर्तो वेगळा. मेनूत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. परदेशात, थकलेल्या अवस्थेत कोण वाचतं एवढं? राग आला तो अजून गेला नाही.

मेतकूट_भात:
काका, वाईट वाटलं वाचून. कोपेर्तो म्हणजे बसण्याचे माणशी पैसे, तो बऱ्याच ठिकाणी असतो. बसायच्या आधी विचारलेलं बरं.

सह्यवेडा:
काका, पुढच्या वेळी रोममधल्याच तेस्ताच्चो भागातल्या मंडईत जा. २०१२ पासून नव्या इमारतीत आहे. उकडलेल्या बीफचा सँडविच मिळतो, पण तुम्ही खात नसाल. भाज्यांचे पण असतात. उभ्याने खायचं, निघायचं.

खडीसाखर:
एक विचारायचं होतं, पार्मिजानो चीज शाकाहारी नसतं हे खरं का?

पादोव्याची_पोर:
खरंय, वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) घालावंच लागतं, नियमच आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी पास्त्यावर घालू नका म्हणून आधीच सांगायचं. आणि हो, भाजीवाल्यांच्या टोपल्यांत हात घालू नका! मी टोमॅटो दाबून बघितला तर बाई काय ओरडली. तिला सांगायचं, ती निवडून देते. आज शिजवायचेत की परवा, हे पण विचारते. तेव्हापासून माझे टोमॅटो वाया गेले नाहीत.

भाजणी_थालीपीठ:
किती छान पद्धत! आमचा भाजीवाला तर मलाच सांगतो निवडा म्हणून.

गोडांबा:
शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळतेय का सध्या मुंबईत कुणाला? 🙏

कोकणी_काका:
पहाटे बघत राहा, मला तशी मिळाली होती. कागद सगळे तयार ठेवून बसा.

खडीसाखर:
मेतकूट, रिबोलिता घरी करायची तर तो केल कुठे मिळतो गं?

मेतकूट_भात:
मोठ्या भाजीवाल्यांकडे कधीकधी दिसतो. नाहीतर पालक आणि कोबीची बाहेरची हिरवी पानं घाल, घेवड्याऐवजी पांढरा राजमा. पाव मात्र दोन दिवसांचा शिळा घे, आणि वरून ऑलिव्ह तेल सढळ हाताने. कंजुषी केलीस तर मजा नाही.