डच डुकॅट: कस लावावा की नाही?

तापीकाठ, जळगाव
१९७५ चं डच सोन्याचं डुकॅट नाणं सुटं मिळतंय, कॅप्सूल (प्लास्टिकची बंद डबी) नाही. विकणारा २२ कॅरेट सांगतो. सराफाकडून कस लावून घ्यावा का? घरी काय तपासता येईल?

पांझरेवाला, धुळे
दादा, डुकॅट २२ कॅरेटचं नसतंच. शुद्धता हजारात ९८३, म्हणजे साधारण २३.६ कॅरेट. वजन ३.४९४ ग्रॅम, व्यास २१ मिमी. खरोखर २२ चं निघालं तर ते टांकसाळीचं नाही, परत करा. शुद्ध सोनं ३.४३ ग्रॅम भरतं. २४ कॅरेटच्या दहा ग्रॅमच्या भावाला ०.३४३ नं गुणा, ती झाली मोडीची किंमत.

कस मात्र अजिबात लावू देऊ नका! कसोटीवर घासलं की काठ झिजतो, मग संग्राहक ते मोडीच्याच भावात मागतो. त्याऐवजी पाण्यातलं वजन करा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक धाग्यानं बांधून पूर्ण बुडवा. तळाला, कडेला टेकू देऊ नका. आकडा, म्हणजे नाण्यानं हटवलेल्या पाण्याचं वजन, ०.१८४ ग्रॅमच्या आसपास हवा. २२ कॅरेटला तो ०.१९७ च्या जवळ जातो. फरक इतका बारीक, म्हणून ०.०१ ग्रॅमचा काटा इथे चालत नाही, मिलिग्रॅमचा लागतो. नाण्याला बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो आणि खरं नाणंही कमी शुद्ध वाटतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका.

भुसावळकर
वरचं बरोबर, पण टंगस्टनची घनता सोन्याच्या अगदी जवळ असते, ते या चाचणीत सापडत नाही. सराफाचं कॅरेट मशीनही वरचाच थर वाचतं. म्हणून व्यास, जाडी आणि छाप भिंगाखाली खऱ्या नाण्याच्या फोटोशी ताडून बघा: तलवार आणि बाणांची जुडी घेतलेला शिपाई, त्याच्या दोन्ही बाजूंना विभागलेलं साल, मागे चौकटीत लॅटिन मजकूर. काठावर डाग लावल्याची, म्हणजे कडी जोडायला झाळल्याची खूण शोधा. कडी लावून गळ्यात घातलेलं नाणं संग्रहाच्या कामाचं नाही. आपल्याकडे अशाच नाण्यांना पुतळी म्हणत आलेत, त्यामुळे ही खूण नक्की बघा.

तापीकाठ, जळगाव
आभार भाऊ. जाहिरातीत ‘डबल’ आणि ‘चांदीचं’ डुकॅटही दिसतंय.

पांझरेवाला, धुळे
डबल सोन्याचंच, ६.९८८ ग्रॅम, २६ मिमी. चांदीचं वेगळं, २८.२५ ग्रॅम. प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत पाडलेलं नाणं) घेतलं तर कॅप्सूल उघडून पाण्यात घालू नका, कापडानं तर पुसूच नका. आरशासारख्या पृष्ठभागावर एक बोट लागलं तरी ठसा उमटतो. आणि सराफ प्रूफचे जास्तीचे पैसे देणार नाही, ते संग्राहकालाच विकायचं.