१९४४ च्या ब्राउन्सचं अजिंक्यपद: स्वतःच्या बळावर की युद्धाच्या कृपेनं?

मृण्मयी_सेंटलुई:
आमच्या सेंट लुईत ग्रँड अ‍ॅव्हेन्यू आणि डोडियर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आता मुलामुलींचा क्लब आहे. तिथंच पूर्वी स्पोर्ट्समन्स पार्क हे बेसबॉलचं मैदान होतं. सेंट लुई ब्राउन्स हा संघ १९०२ ते १९५३ इथं खेळला. या बावन्न हंगामांत त्यांनी अमेरिकन लीग (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एक) एकदाच जिंकली, १९४४ साली. विषय निघाला की जुने बेसबॉलवेडे म्हणतात, "चांगले खेळाडू लढाईवर होते, म्हणून जिंकले." मला हे अजिबात पटत नाही.

१९४२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांना पत्रानं कळवलं होतं की खेळ चालू ठेवणं देशाच्या हिताचं आहे, पण भरतीच्या वयातले खेळाडू सैन्यात गेले पाहिजेत. जे उरले त्यांत 'चार-एफ' शिक्का बसलेले, म्हणजे वैद्यकीय तपासणीत नापास झालेले, बरेच होते. ब्राउन्समध्ये तर त्यांचाच भरणा. पिचर (चेंडू टाकणारा) डेनी गेलहाउस हंगामाच्या सुरुवातीला आठवडाभर अ‍ॅक्रनच्या गुडइयर विमान कारखान्यात राबायचा, शनिवारी रात्री रेल्वेत बसायचा आणि रविवारी संघ असेल तिथं पिचिंग करायचा. सिग जकुकी १९३६ नंतर मोठ्या लीगमध्ये दिसलाच नव्हता, तो टेक्सासच्या जहाजगोदीत कामाला होता.

अशा माणसांनी पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले. शेवटी गाठ पडली न्यूयॉर्क यांकीजशी, चार सामने. चारही जिंकले, आणि चारांत मिळून यांकीजना तीनच धावा दिल्या. १ ऑक्टोबरच्या सकाळी, म्हणजे त्यातल्या चौथ्या सामन्याआधी, डेट्रॉइट टायगर्स आणि ब्राउन्स बरोबरीत होते. त्या दिवशी टायगर्स वॉशिंग्टनकडून हरले. इकडे चेट लाब्सनं दोन होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले, ज्याचे तोवर हंगामभरात फक्त तीन होते! लाब्सही त्या वर्षी युद्धसाहित्याच्या कारखान्यात काम करत होता. पिचर होता तोच जकुकी. ८९ विजय, ६५ पराभव.

यात कृपा कुठे आहे, कुणी सांगेल का?

तिसरा_बेस:
गोष्ट सुंदर सांगितलीत, पण प्रश्न गोष्टीचा नाही, दर्जाचा आहे. टायगर्स फक्त एका सामन्यानं मागे राहिले. त्यांचा तगडा फलंदाज हँक ग्रीनबर्ग त्या वेळी सैन्यात होता. तो असता तर अख्ख्या हंगामात एक सामना जास्त जिंकून दिला नसता? १९४५ च्या मध्यावर तो परतला. त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी, याच स्पोर्ट्समन्स पार्कवर, याच ब्राउन्सविरुद्ध नवव्या डावात तिन्ही बेसवर (धाव घेतानाच्या थांब्यांवर) धावपटू असताना त्यानं होम रन मारला आणि टायगर्सना लीग जिंकून दिली. समोर पिचर कोण होता? नेल्स पॉटर, ब्राउन्सला १९४४ मध्ये १९ सामने जिंकून देणारा.

यांकीजचा डिमॅजिओ नव्हता, बॉस्टनचा टेड विल्यम्स नव्हता, दोघंही बडे फलंदाज, दोघंही सैन्यात. दुसऱ्या लीगमध्ये सिनसिनाटीनं १९४४ च्या जूनमध्ये जो नक्सहॉल या पंधरा वर्षांच्या मुलाला पिचिंगला उतरवलं. मेहनत कोण नाकारतंय? पण त्या वर्षीचं अजिंक्यपद युद्धात उतरण्याआधीच्या १९४१ च्या किंवा युद्धानंतरच्या १९४६ च्या तोडीचं मानायला मी तयार नाही. नोंदीपुढे तळटीप हवीच.

मृण्मयी_सेंटलुई:
@तिसरा_बेस, ग्रीनबर्गचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण टायगर्स काही रिकामे झाले नव्हते. पिचर हॅल न्यूहाउसर त्यांच्याकडेच होता, त्यानं त्या वर्षी २९ सामने जिंकले. डिझी ट्राउटनं २७. आणि न्यूहाउसर फक्त युद्धकाळातला म्हणाल, तर १९४६ मध्ये सगळे परतल्यावरही त्यानं २६ जिंकले. ब्राउन्स अशा संघाच्या पुढे राहिले. त्यांचा स्वतःचा वॉल्ट जुडनिचही सैन्यात गेला होता, तो कुणी मोजत नाही.

खडकवासला:
मृण्मयीताईंशी सहमत. आपल्याकडे १९४४-४५ चा रणजी अंतिम सामना आठवा, मुंबई विरुद्ध होळकर. डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीमुळे महूला होता, म्हणून होळकरकडून खेळला आणि नाबाद २४९ काढल्या. तरी मुंबई जिंकली. त्या करंडकाला कुणी तळटीप लावतं का?

तिसरा_बेस:
ही तुलना जमत नाही हो. तिथं युद्धानं कॉम्प्टनची भर घातली, इथं युद्धानं माणसं काढून घेतली. उलट गोष्ट आहे.

आणि वर्ल्ड सिरीजबद्दल, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेबद्दल, कुणीच बोललं नाही. ब्राउन्सची गाठ त्यांच्याच गावच्या कार्डिनल्सशी पडली, दोघांचं मैदानही एकच. पहिला सामना गेलहाउसनं २-१ जिंकून दिला, तोही संघाच्या फक्त दोन हिट्सवर (बेसपर्यंत पोचवणाऱ्या फटक्यांवर). मग सहा सामन्यांत क्षेत्ररक्षणाच्या चुका ब्राउन्सच्या दहा, कार्डिनल्सची एक. हरले ४-२. कार्डिनल्सकडे स्टॅन म्यूझियल हा बडा फलंदाज अजून होता. खरा खेळाडू समोर आल्यावर फरक दिसला, एवढंच म्हणतो.

निळाई:
बराच वेळ वाचते आहे. तुम्ही दोघंही धरून चालला आहात की माणसं नव्हती. माणसं होती. याच मिझुरी राज्यात, सेंट लुईपासून साधारण ४०० किलोमीटरवर, सॅचेल पेज हा महान पिचर कॅन्सस सिटी मोनार्क्स या काळ्या खेळाडूंच्या संघाकडून पिचिंग करत होता. तो काळा होता, म्हणून दोन्ही लीगची दारं त्याला बंद होती. १९४५ मध्ये ब्राउन्सनं पीट ग्रे या एका हाताच्या खेळाडूला ७७ सामने खेळवलं. ग्रेबद्दल मला अपार आदर आहे, त्यानं ती जागा कमावली होती. पण संघ एका हाताच्या गोऱ्या माणसाला घेऊ शकतो आणि पेजला नाही, यावर कुणीच का लिहीत नाही? स्पोर्ट्समन्स पार्कमध्ये काळ्या प्रेक्षकांना मुख्य स्टँडमध्ये बसायला १९४४ पर्यंत मनाई होती. आणि हाच पेज १९५१ मध्ये, पंचेचाळिशीत, याच ब्राउन्समध्ये आला आणि पुढच्याच वर्षी ऑल-स्टार संघात निवडला गेला. मग १९४४ मध्ये तो काय असेल?

मृण्मयी_सेंटलुई:
@निळाई, "जे उरले" हे माझं वाक्यच चुकलं. उरलेल्यांत पेज होता, मी त्याला धरलंच नाही.

पण मग तळटीप एकट्या १९४४ ला का? काळ्या खेळाडूंसाठी दार उघडणारा जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये आला. त्याआधीच्या सगळ्या अजिंक्यपदांना लावा, बेब रूथच्या यांकीजनाही. गेलहाउस आणि लाब्सच्याच कपाळावर ती का?

तिसरा_बेस:
सगळ्यांना लावायची तर माझी तयारी आहे, मनापासून. तरीही १९४४ ला मी दोन लावीन. ग्रीनबर्गची वेगळी.