रस्त्यावरच्या फोटोंसाठी एकाच लेन्सचा छोटा कॅमेरा: जीआर ३, जीआर ३एक्स की एक्स१००६?

मंडईवाट

नमस्कार मंडळी. सध्या एपीएस-सी सेन्सरचा (फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा लहान) मिररलेस (आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि सोबत आलेली १८-५५ किट झूम लेन्स वापरतो. गर्दीत तो बोजड होतो आणि लोक लगेच सावध होतात. दादरचा फुलबाजार, क्रॉफर्ड मार्केट, गणपतीतली लालबाग-गिरगाव ही नेहमीची ठिकाणं. पहाटे आणि संध्याकाळी फोटो जास्त, दुपारी कमी. रिको जीआर ३ (वापरलेला चालेल), जीआर ३एक्स आणि फुजी एक्स१००६ (X100VI) यांच्यात अडकलो आहे. लायका क्यू३ बजेटबाहेर आहे, पण त्यात नेमकं काय जास्त मिळतं तेही कळलं तर बरं. ऑटोफोकसचा वेग, पावसाळा आणि धूळ या तीन गोष्टींवर मत हवंय.

पाऊणपाऊल

आधी मेगापिक्सेल बाजूला ठेवा आणि माणसापासून किती अंतरावर उभं राहायला जमतं ते ठरवा. या कॅमेऱ्यांची लेन्स बदलता येत नाही, त्यामुळे अंतराचा निर्णय म्हणजेच कॅमेऱ्याचा निर्णय.

जीआर ३ ची लेन्स १८.३ मिमी, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात २८ (आकडा लहान तितकं दृश्य रुंद). एक्स१००६ ची २३ मिमी, म्हणजे ३५. जीआर ३एक्सची २६.१ मिमी, म्हणजे ४०. आडव्या फ्रेममध्ये पावणेसहा फुटी माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसवायला २८ ला साधारण २ मीटर लागतात, ३५ ला अडीच, ४० ला जवळजवळ ३. वर-खाली थोडी जागा सोडायची तर प्रत्येकात अजून वीत-दोन वीत धरा. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण फुलबाजारात तीन मीटर मोकळे मिळतच नाहीत. तुमच्या आणि हारवाल्याच्या मध्ये कुणीतरी टोपली घेऊन येतंच. उलट गिरगाव चौपाटीवर २८ मध्ये माणसं मुंगीएवढी होतात आणि आकाशच जास्त येतं.

पैसे खर्च करण्याआधी हातातल्या किट लेन्सवरच चाचणी करा. दीडचा क्रॉप असेल (लेन्सच्या आकड्याला दीडने गुणलं की फुल फ्रेमचा आकडा येतो) तर १८, २३ आणि २७ मिमी या जागी झूम रिंगवर कागदी टेपच्या खुणा करा. एका रविवारी एकच आकडा, झूमला हात लावायचा नाही. तीन रविवारांनंतर कोणत्या आकड्यावर कडा कापाव्या लागल्या आणि कुठे पाय आपोआप मागे गेले ते पाहा. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ च्या आसपास असतो, म्हणून फोनची सवय असलेल्यांना २८ पहिल्या दिवसापासून जमतो आणि ४० अंगवळणी पडायला वेळ लागतो.

क्रॉपबद्दलही, म्हणजे फोटोच्या कडा कापून फ्रेम छोटी करण्याबद्दल, सांगून ठेवतो. जीआर ३ चे २४ मेगापिक्सेल ३५ च्या क्रॉपला १५ होतात आणि ५० ला ७. एक्स१००६ चे ४० मेगापिक्सेल ५० ला साधारण २० उरतात. म्हणजे फुजीत चुकीला जागा जास्त आहे. मात्र क्रॉपने फक्त फ्रेम छोटी होते. तुम्ही उभे तिथेच असता, त्यामुळे चेहरा आणि मागची दुकानं यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही.

सावलीतला

ऑटोफोकसच्या वेगाबद्दल विचारलंत, पण अशा फोटोंत फोकस आधीच लावून ठेवलेला बरा. जीआरचं सगळ्यात मोठं बळ हेच आहे.

जीआर ३ मध्ये 'फुल प्रेस स्नॅप' चालू करा आणि स्नॅप अंतर २ मीटर ठेवा. बटण एका झटक्यात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, थेट २ मीटरवर फोटो घेतो. अर्धं दाबलं तर नेहमीचा ऑटोफोकस. नवखे इथेच फसतात. बोट अर्ध्यावर क्षणभर रेंगाळतं, ऑटोफोकस जागा होतो, कमी उजेडात लेन्स पुढे-मागे करते आणि माणूस निघून जातो. घरी रिकाम्या खोलीत शंभरेक वेळा एकाच दाबाची सवय करा.

आता खोलीचा हिशेब, म्हणजे किती अंतरापासून किती अंतरापर्यंत स्पष्ट येतं ते. एफचा आकडा लेन्सच्या भोकाचा (अ‍ॅपर्चरचा): आकडा मोठा तितकं भोक लहान आणि खोली जास्त. १८.३ मिमीला एफ ८ वर २ मीटर फोकस म्हणजे सुमारे १ मीटरपासून ४० मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट. एफ ५.६ ला १.२ ते ६ मीटर. एफ २.८ ला फक्त दीड ते तीन मीटर. ३एक्सला एफ ८ वरही २ मीटरला १.४ ते ३.८ एवढीच पट्टी मिळते, आणि एक्स१००६ ला १.२५ ते ५. म्हणून स्नॅपवरच काम करायचं असेल तर ३एक्सपेक्षा ३ निवडा. ४० ची लेन्स चांगलीच आहे, पण स्नॅपमध्ये अंतराचा अंदाज पाऊलभर चुकला तरी ती माफ करत नाही.

सेटिंग असं लावा: एम मोड (अ‍ॅपर्चर आणि शटर दोन्ही आपण ठरवायचे), एफ ८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ६४००. चालणाऱ्या माणसाला १/२५० पुरतं. सायकल, हातगाडी, धावणारी मुलं असतील तर १/५००. उघड्या सावलीत एफ ८, १/२५० ला आयएसओ ४०० च्या आसपास येतो. दिवे लागल्यावरच्या बाजारात एफ २.८, १/१२५ ला १६०० ते ३२००. हे दोन्ही संच यू१ आणि यू२ या स्वतःची सेटिंग ठेवायच्या जागांत साठवा, म्हणजे डायलच्या एका टिचकीत दिवस-रात्र बदलता येते. पी मोडमध्ये (अ‍ॅपर्चर आणि शटर कॅमेराच ठरवतो) स्नॅप वापरू नका. उजेड कमी झाला की कॅमेरा स्वतःच अ‍ॅपर्चर उघडतो आणि तुम्ही धरून चाललेली खोली गुपचूप नाहीशी होते. 'अमुक ठिकाणी स्नॅप चाललंच नाही' अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाने (हाताची थरथर भरून काढणारी सोय) तुमचा हात स्थिर होतो, समोरचा माणूस नाही. १/१५ ला भिंत खणखणीत येईल, हारवाली मात्र धूसरच.

मंडईवाट

अंतराचा हिशेब डोक्यात बसला. पण एक्स१००६ मध्ये असं स्नॅप नसेल तर तो या कामाला मागे पडतो का? आणि गुलाल-पावसाचं काय?

कातळखोल

मागे पडत नाही, वाट वेगळी आहे. डाव्या बाजूची फोकसची कळ 'एम' वर न्या आणि व्ह्यूफाइंडरमधल्या अंतरपट्टीवर २.५ मीटर ठेवा. एफ ८ ला साधारण १.४ ते १० मीटर हाती येतं. मेन्यूत डेप्थ ऑफ फील्डची (वर सांगितलेल्या खोलीची) पट्टी 'पिक्सेल' आधारावर असेल तर ती 'फिल्म फॉरमॅट' आधारावर करा. नाहीतर निळी पट्टी इतकी अरुंद दिसते की झोन फोकस (आधी ठरवलेल्या अंतराच्या पट्ट्यात फोटो घेणं) होणारच नाही असं वाटतं. पिशवीतून काढताना रिंग सरकते, म्हणून डोळ्याला लावल्याबरोबर आधी पट्टीवर नजर टाकायची.

फुजीचं खरं वैशिष्ट्य ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर. चौकटीबाहेरचंही दिसतं, त्यामुळे फ्रेममध्ये कोण शिरतंय ते आधीच कळतं. जीआरला व्ह्यूफाइंडरच नाही, आणि भर उन्हात स्क्रीन पाहणं त्रासाचं आहे. तुम्ही पहाटे-संध्याकाळी फिरता, म्हणून तुम्हाला ते कमी नडेल. फुजीची एफ २ लेन्स एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड देते, त्यात छोटा फ्लॅशही आहे. जीआर ३ मध्ये फ्लॅश नाही, फक्त हॉट शू (बाहेरचा फ्लॅश बसवायची खाच). वजनाचा फरक मात्र दुपटीचा: जीआर ३ बॅटरीसकट २५७ ग्रॅम, एक्स१००६ ५२१. एक शर्टाच्या खिशात जातो, दुसरा गळ्यातच लटकणार. बॅटरीत बाजू उलटते: जीआर एका चार्जवर प्रमाणित मोजणीने २०० च्या आसपास फोटो देतो, फुजी ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरवर ४५०. जीआरबरोबर दोन जादा बॅटऱ्या धराच.

धूळ हा जीआरचा दुबळा भाग आहे. चालू-बंद करताना लेन्सची नळी बाहेर-आत होते, भात्यासारखी हवा ओढते, आणि बॉडी सीलबंद नाही. सेन्सरवर कण बसला तर लेन्स निघत नसल्याने घरी पुसता येत नाही. कॅमेरा उघडावाच लागतो. म्हणून खिसा उलटा करून झटका, कॅमेरा पातळ कापडी थैलीत ठेवा आणि नळीच्या फटीत रबरी फुग्याने हवा मारू नका, त्याने धूळ अजून आत जाते. गुलालाच्या ढगात जीआर बाहेर काढूच नये.

एक्स१००६ ही आहे तसा सीलबंद नसतो. लेन्सपुढची पातळ कडी काढून अ‍ॅडॅप्टर रिंग आणि त्यावर ४९ मिमीचा प्रोटेक्शन फिल्टर लावला तरच पुढची वाट बंद होते. तेवढ्यावर गुलाल आणि भुरभुर पाऊस निभावतो. मुसळधार पावसात मात्र छत्रीच. क्यू३ ला आयपी५२ आहे, म्हणजे धूळ आणि वरून टपकणारे थेंब सोसतो. शिवाय फुल फ्रेम, २८ मिमी एफ १.७ आणि लेन्सवरच कोरलेली अंतरपट्टी. वजन ७४३ ग्रॅम आणि किंमत एक्स१००६ च्या तिप्पट-चौपट. तुमच्या वापराला त्यातलं फारसं काही लागत नाही.

पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या. एसीच्या खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

पाऊणपाऊल

वापरलेला जीआर ३ घेत असाल तर दुकानातच हे करा. एफ १६, फोकस अनंतावर, मोकळं आकाश किंवा पांढरी भिंत, एक्स्पोजर +१ (नेहमीपेक्षा उजळ). फोटो पूर्ण मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवा. करडे गोल ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करून नळीचा आवाज ऐका, घरघर किंवा अडखळ नको. मागचं चाक सावकाश फिरवा. आकडा उडी मारत असेल तर चाक झिजलंय. बॉडीवरचा क्रमांक बिलाशी ताडून पाहा आणि बिल जीएसटीचंच मागा.

एक ठिपका दिसला तरी ती बॉडी सोडा. उघडून साफ करण्याचा खर्च आणि वेळ धरला तर स्वस्तात मिळाल्याचा फायदा तिथेच संपतो. २०२५ मध्ये जीआर ४ आल्यापासून जुन्याचे भाव वर-खाली होत आहेत, म्हणून घाई करू नका. गणपतीत वर्षातून दहा दिवसच असाल आणि बाकी वर्षभर फुलबाजार, तर जीआर ३ घ्या आणि विसर्जनाला हातातला मिररलेसच पावसाळी कव्हर घालून न्या. गणपती, गोविंदा, पाऊस हाच मुख्य विषय असेल तर एक्स१००६, आणि रिंग-फिल्टर त्याच दिवशी बिलात घाला.