बेबलच्या कॉन्फिगरेशनमधील ‘मर्ज’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : जळगावच्या एका महाविद्यालयातील मुलांसाठी मी बेबल या जावास्क्रिप्ट कंपायलरवर मराठीत टिपणे लिहीत आहे. घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या या मुलांना प्लगइन (कोडमध्ये एखादा बदल करणारा जोड), प्रीसेट (प्लगइन्सचा तयार संच), कॉन्फिगरेशन (बेबलच्या सेटिंग्ज) हे शब्द सवयीचे आहेत, म्हणून ते तसेच ठेवले. अडचण ‘मर्ज’पाशी येते. मूळ कॉन्फिगरेशनवर ‘एन्व्ह’ (विशिष्ट वातावरणापुरता भाग) किंवा ‘ओव्हरराइड्स’ (विशिष्ट फाइलींपुरता भाग) यांमधील नोंदी लागू होतात, त्या क्रियेला ‘विलीनीकरण’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : ताई, माझ्या मते तो शब्द येथे टाळावा. संस्थाने विलीन झाली, एक बँक दुसरीत विलीन झाली, असे आपण म्हणतो तेव्हा लहान घटकाची वेगळी ओळख संपते, पण त्याच्याकडे जे होते ते मोठ्याकडे जमा होते, हे गृहीत असते. प्लगइन आणि प्रीसेटच्या ऑप्शन्सचे नेमके तसे होत नाही. समजा, मूळ भागात ‘प्रीसेट-एन्व्ह’ या प्रीसेटला ‘टार्गेट्स’ म्हणून ठरावीक ब्राउझर दिले आहेत आणि ‘एन्व्ह’मधील ‘प्रॉडक्शन’च्या भागात त्याच प्रीसेटला फक्त ‘मॉड्यूल्स : फॉल्स’ दिले आहे. बिल्ड करताना बेबल दोन्ही नोंदी एकाच प्रीसेटच्या आहेत हे ओळखतो आणि जुने ऑप्शन्स काढून त्या जागी नवे बसवतो. ‘टार्गेट्स’ उरतच नाहीत, आणि ब्राउझरांची यादी इतरत्र दिलेली नसेल तर बेबल ७ सगळा आधुनिक कोड ईएस५ या जावास्क्रिप्टच्या जुन्या आवृत्तीपर्यंत उतरवतो. एरर येत नाही, फाइल मात्र फुगते, आणि ‘विलीनीकरण’ वाचलेला विद्यार्थी कारण भलतीकडेच शोधत बसतो. म्हणून येथे ‘जागा घेणे’ हेच क्रियापद हवे. सातबाऱ्यावर फेरफार मंजूर झाला की जुन्या नावाला कंस होतो आणि नवे नाव लागते, हे आपल्याकडच्या शेतकरी घरांतील मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रश्न : भाऊ, मग सगळीकडे ‘जागा घेणे’च लिहू का?

उत्तर : नाही, तसे केल्यास दुसऱ्या टोकाची चूक होईल. ‘प्लगइन्स’ची अख्खी यादी बदलली जात नाही, मूळ यादीत नसलेले प्लगइन आले तर तिच्यात ‘भर पडते’. ‘पार्सरऑप्ट्स’, ‘जनरेटरऑप्ट्स’ आणि ‘असम्प्शन्स’ या ऑब्जेक्ट्सच्या बाबतीत जुन्या ‘की’ (नोंदींची नावे) टिकतात आणि फक्त समान ‘की’ची किंमत बदलते, तेथे ‘एकत्र होणे’ योग्य ठरेल. मूळ इंग्रजी लेखनात एकच शब्द असला, तरी आपण तीन क्रियापदे वापरण्यास काहीच हरकत नाही. एकाच यादीत एकच प्लगइन दोनदा आले तर मात्र बेबल ७ एरर देतो. दोन्ही नोंदी खरोखर हव्या असतील, तर नोंदीच्या ॲरेमध्ये (चौकटी कंसातील यादीत) तिसरा घटक म्हणून वेगळे नाव द्यावे लागते.

पुरवणी : ‘क्रम’ या शब्दाबाबतही टिपणांत तितकीच काळजी घ्यावी, असे सुचवतो. प्लगइन्स प्रीसेट्सच्या आधी चालतात आणि यादीतल्या क्रमानेच चालतात. प्रीसेट्स मात्र शेवटाकडून सुरुवातीकडे चालतात. त्यामुळे प्रीसेट्ससाठी नुसते ‘क्रमाने’ न लिहिता प्रत्येक ठिकाणी ‘उलट क्रमाने’ असे लिहावे.