सॉल्टन समुद्राजवळची रस्त्याकाठची लोककला: आई-बाबांसोबत काय पाहावे?

सांजवारा:
नमस्कार. आम्ही सॅन डिएगोला राहतो. नाशिकहून आलेल्या आई-बाबांना घेऊन जानेवारीच्या अखेरीस दोन दिवस कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जाण्याचा विचार आहे. बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक असून, कोणी न सांगता एखाद्याने वर्षानुवर्षे एकट्याने उभारलेले काम पाहण्याची त्यांना संग्रहालयांपेक्षा अधिक ओढ आहे. सॅल्व्हेशन माउंटन, बॉम्बे बीच, बोरेगो स्प्रिंग्जचे लोखंडी प्राणी आणि जोशुआ ट्री येथील नोआ प्युरिफॉय यांची शिल्पे अशी यादी केली आहे. आईचे गुडघे दुखतात. यातले काय ठेवावे आणि काय गाळावे?

निवडुंग:
जोशुआ ट्री या खेपेस गाळावे. प्युरिफॉय यांनी 1989 पासून 2004 मध्ये निधन होईपर्यंत भंगारातून उभे केलेले ते काम दहा एकरांवर पसरले आहे, ते वाळूतून चालतच पाहावे लागते आणि त्याला निवांत अर्धा दिवस द्यावा लागतो.

सॅल्व्हेशन माउंटन, म्हणजे एका माणसाने हाताने उभारलेला रंगीत डोंगर, मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. लिओनार्ड नाइट यांनी 'देव म्हणजे प्रेम' हा संदेश आकाशात नेण्यासाठी अनेक वर्षे गरम हवेचा एक प्रचंड फुगा शिवला. तो काही उडाला नाही. तेव्हा 1984 मध्ये नायलँड गावाजवळ एक लहानसे स्मारक करून आठवडाभरात निघू असे म्हणून ते थांबले आणि प्रकृती ढासळेपर्यंत, म्हणजे 2011 पर्यंत, तेथेच राहिले. सिमेंटमध्ये वाळूचे प्रमाण फार झाल्याने पहिला डोंगर 1989 मध्ये कोसळला. तरी त्यांनी पुन्हा आरंभ केला, आणि या वेळी तेथलीच चिकणमाती व गवताचा पेंढा वापरला. लोकांनी आणून दिलेल्या रंगाचे थरावर थर त्यावर चढले आहेत. हा रंग केवळ शोभेचा नसून पावसापासून माती जपणारे कवचही तोच आहे, हे बाबांना मुद्दाम दाखवावे. माती-पेंढ्याच्या भिंती पाहिलेल्या माणसाला ते चटकन उमगेल. आईंना काहीही चढावे लागणार नाही, कारण दर्शनी बाजू पायथ्यावरूनच पूर्ण दिसते.

वाटसरू:
निवडुंग यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु गुडघ्यांचा विचार करता मी पहिला दिवस बोरेगो स्प्रिंग्जला देईन. रिकार्डो ब्रेसेडा यांची लोखंडी पत्र्याची शंभराहून अधिक शिल्पे तेथे मोकळ्या माळावर विखुरलेली असून, बरीचशी मोटारीतूनही दिसतात. सुमारे 350 फूट लांबीचा नाग तर रस्त्याच्या एका बाजूला जमिनीत शिरतो आणि दुसऱ्या बाजूला वर येतो. शिल्पांपर्यंत जाणाऱ्या कच्च्या वाटांवर साधी मोटार घालू नये. आमची चाके मऊ वाळूत रुतली आणि सासऱ्यांनी पाऊण तास कपाळाला आठ्या घालून ती काढताना पाहिले.

निवडुंग:
नाग सुंदर आहे, यात वाद नाही. मात्र ती शिल्पे जमिनीच्या धनिक मालकाने, डेनिस एव्हरी यांनी, मोबदला देऊन करून घेतलेली आहेत, त्यामुळे त्यांना लोककला म्हणायला माझे मन तयार होत नाही. चित्रकला शिक्षक हा फरक लगेच ओळखतील.

पाणपोई:
दुसऱ्या दिवशी नायलँडहून उत्तरेकडे बॉम्बे बीचला जावे. नाव ऐकून आईंना चौपाटी आठवेल, परंतु येथे भेळ नाही. 1905 मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी कालवा फोडून या खोलगट भागात शिरले, त्यातून सॉल्टन समुद्र झाला; आता तो आटत आणि अधिकाधिक खारट होत चालला आहे, आणि किनाऱ्यावर माशांचे काटे पायाखाली कुरकुरतात. समुद्रसपाटीहून 200 फुटांपेक्षा खाली असलेल्या या वस्तीत 2016 पासून कलावंत येऊ लागले. मोडक्या मोटारी पडद्यासमोर ओळीने लावून केलेले 'चित्रपटगृह' बाबांना हसवील. मात्र पडीक दिसणाऱ्या प्रत्येक घराला कलाकृती समजू नये, कारण शेजारच्या घरात माणसे राहत असतात. अंगणात शिरण्यापूर्वी आणि माणसांची छायाचित्रे घेण्यापूर्वी विचारावे. पाणी, खाणे आणि इंधन यांची सोय आधीच करून ठेवावी.

सांजवारा:
सर्वांचे आभार. जोशुआ ट्री गाळले. पहिला दिवस बोरेगो, दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर आणि मग बॉम्बे बीच असे ठरले. नाइट यांची कथा वाचून दाखवली, तर बाबांनी विचारले की आपणही रंगाचा एक डबा न्यावा का?

निवडुंग:
अवश्य न्यावा. पाण्यात मिसळणारा, घराच्या बाहेरच्या भिंतींना लावतात तो ॲक्रिलिक रंग घ्यावा, तैलरंग नको. डबा परस्पर ठेवून न येता तेथे देखभाल करणाऱ्यांच्या हाती द्यावा, आणि या दिवसांत कोणता रंग कमी पडतो आहे, हे बाबांनी स्वतःच त्यांना विचारावे.