हुकूमशहाचं तेल, सुरतचा हिरा अन् गिरणेची वाळू

पारोळेकर: ‘जिथं जनतेला कुणी विचारत नाही त्या देशाचं तेल-खनिज जगानं घेऊच नये, तसा व्यापार कायदा करा’ ही कालची पोस्ट वाचून डोकं तापलं, म्हणून हा धागा. आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीत हुकूमशहा ओबियांग १९७९ पासून गादीवर, तेलाचा पैसा घरातल्या घरात. मान्य. पण बंदीचं बिल कुणाच्या नावावर फाटतं? २०२४ मध्ये जी-७ म्हणजे अमेरिका-युरोपकडच्या श्रीमंत देशांनी रशियन हिरा बंद केला, सुरतेत घासलेलासुद्धा. माझा चुलतभाऊ सुरतेत हिरे घासायच्या घंटीवर बसायचा. दिवाळीची सुट्टी संपेचना, शेवटी बायकोपोरं घेऊन गावी आला. आता दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचतो. पुतिनचं काय वाकडं झालं?

तापीकाठ: भावाचं वाईट वाटतं भो, पण सगळं बंदीवर ढकलू नका. अमेरिका-चीनचं गिऱ्हाईक आटलं, लॅबच्या हिऱ्यानं भाव पाडले. चोरीची मोटरसायकल घेतली तर पोलीस घेणाऱ्यालाही उचलतात. देशाच्या तेलाला मात्र ज्याच्या हाती बंदूक त्याचीच सही चालते.

पारोळेकर: नियम आहेत की! २००३ पासून किंबर्ले प्रमाणपत्र, म्हणजे हा रक्तहिरा नाही असा कच्च्या हिऱ्याचा दाखला.

तापीकाठ: त्यात रक्तहिरा म्हणजे फक्त बंडखोर लढाईच्या पैशासाठी विकतात तो. सरकारी फौजेनं माणसं मारली तर हिरा सोवळ्यात. झिम्बाब्वेच्या मारांगेतल्या हिऱ्याच्या खाणींवर २००८ ला तेच झालं, २०११ ला निर्यात मोकळी.

एरंडोलचा आप्पा: झिम्बाब्वे राहू द्या, रात्री दोनला गिरणेच्या पात्रात या. पोकलेन, डंपर, वाळूच्या एका सरकारी पावतीवर चार खेपा. आमची विहीर मार्चातच तळ दाखवते. तक्रार अर्ज दिला, दुसऱ्या दिवशी त्याची झेरॉक्स वाळूवाल्याच्या खिशात!

पारोळेकर: आप्पा, गेल्या वर्षी स्लॅब टाकला ना? वाळू कुठली?

एरंडोलचा आप्पा: पोरा, घरावर जाऊ नको. पावतीची वाळू महिनाभर शोधली. सगळा गाव तीच घेतो.

तापीकाठ: झालं! ‘सगळेच घेतात’ हेच तेलाचंही उत्तर. युक्रेन युद्धाआधी रशियाचं कच्चं तेल आपण नावापुरतं घ्यायचो, २०२३-२४ मध्ये आयातीचा तिसरा हिस्सा.

पारोळेकर: बरं बाबा, घेणाराही चोर. खूश? पण पुण्य युरोपच्या गिऱ्हाइकाचं अन् घंटी आमची बंद, हे चालणार नाही. आधी कारागिराच्या पगाराची सोय लिहा त्या कायद्यात.

तापीकाठ: ते लिहायलाच हवं. हे पहिल्या ओळीत म्हणाला असतास तर भांडलोच नसतो.

एरंडोलचा आप्पा: तुमचं चालू द्या. आत्ता दारावरून डंपर गेला, रात्रीतला चौथा.