अंदमानातल्या पोराला पुण्यात आणू का? (लांब आहे, पण वाचा प्लीज)

ठाणेकर_टूरवाला:
मी दरवर्षी दोन-तीन ग्रुप अंदमानला नेतो. सेल्युलर जेल, हॅवलॉक, बारातांग, नेहमीचंच. तिथे गेली सात वर्षं एक पोरगा आमच्याबरोबर असतो, बंगाली सेटलर (बाहेरून आणून तिकडे वसवलेल्या) घरातला. गाडी चालवतो, स्नॉर्केलिंगला सोबत उतरतो, जेट्टीवर आज्यांना हात धरून उतरवतो, म्हणजे काय नाही करत ते विचारा. या खेपेला एअरपोर्टला सोडताना हळूच म्हणाला, भैया मेनलँड में कुछ लगवा दो. वय २६, बारावी पास. लग्नाचं बघतायत पण मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात की पर्मनंट आहे का, आणि तिथेच गाडी अडते.

त्याच्या घरी जेवायला गेलेलो. वडील एका प्लायवूड मिलमध्ये होते, लाकूडतोड बंद झाली तशी मिल बंद झाली. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे, करवतीत गेलं. खुंटीला मिलचा पितळी बिल्ला अजून टांगलेला, नंबर पार घासून गेलाय. हिशोब मिळाला का विचारलं तर मान वर करून छपराकडे दाखवलं, म्हणाले ते पत्रे त्यातून आले.

मेव्हण्याचं चाकणला गोडाऊन आहे, तिथे १६ हजारांवर लागेल. आणू का? आणि मला कळत नाही, विमानं भरभरून माणसं जातायत तिकडे, मग काम कसं नाही?

निवृत्त_ओव्हरसियर:
मी ९६ ते २००३ तिकडे बांधकामात होतो, त्यामुळे लाकडाची शेवटची वर्षं डोळ्यांनी बघितलीयत. तेव्हा पोर्ट ब्लेअर लाकडावरच चालायचं हो. चॅथमची सरकारी सॉ मिल १८८३ ची, दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर बॉम्ब पडले, तो खड्डा अजून दाखवतात. शिवाय खाजगी प्लायवूड मिल, काड्यापेटीच्या काड्यांचा कारखाना, वनविकास महामंडळ. जंगलात हत्ती ओंडके ओढायचे, पडौक आणि गर्जनचे ओंडके समुद्रातून तराफे करून यायचे. रांचीवाले (रांचीकडचे आदिवासी मजूर) तर १९१८ पासून जंगलकामासाठीच आणलेले, मायाबंदरचे करेन लोक ब्रह्मदेशातून १९२५ ला. माणसं बेटावर आणली कशाला तर झाडं तोडायला, आणि मग एक दिवस झाडं तोडायचीच नाहीत असं ठरलं.

ऑक्टोबर २००१ ला सुप्रीम कोर्टाचा अंतरिम आदेश आला, मग कोर्टानेच नेमलेल्या शेखर सिंह आयोगाचा अहवाल, आणि ७ मे २००२ ला पक्का आदेश. मेनलँडला लाकूड पाठवणं बंद, फक्त बेटावरच्या लोकांच्या गरजेपुरतं. खाजगी मिल एकामागोमाग गेल्या. महामंडळ (१९७७ चं) मात्र लगेच गेलं नाही, काम संपलं तरी माणसं हजेरीवर, पगाराला केंद्राकडून कर्ज, असं करत करत २०१७ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ते बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे खाजगीवाले एका झटक्यात रस्त्यावर आणि महामंडळवाले पंधरा वर्षं टांगणीला. यातलं कुठलं वाईट ते मला आजही सांगता येत नाही.

आणि इथे कुर्ल्याची गिरणी बंद पडली तर माणूस लोकल पकडून भिवंडीला यंत्रमागावर तरी जायचा. तिथून पुढचं गाव म्हणजे चेन्नई, बोटीने अडीच-तीन दिवस. आमच्या साइटवर मिलमधला एक फोरमन मुकादमाच्या हाताखाली घमेली उचलायला आला होता, पहिले आठ दिवस तो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

जंगलवेडी:
काका सगळं मान्य, पण वाचणाऱ्याला वाटेल कोर्टाने उगाच पोटावर पाय दिला. केस करणाऱ्यांत आपल्याकडच्या निसर्गसंस्था होत्या, मुंबईची बीएनएचएस आणि पुण्याची कल्पवृक्ष, सोबत अंदमानातली सेन ही पर्यावरण संस्था. लिटल अंदमानात ओंगे आदिवासींच्या राखीव भागापर्यंत तोड गेली होती, आणि लाकूड जायचं कुठे, तर मेनलँडला स्वस्त प्लायवूड म्हणून. आपल्याच घरातली कपाटं ती. जंगल वाचलं हे बरोबरच झालं, माझा राग फक्त एवढ्यावर आहे की झाडांचा हिशोब झाला तसा माणसांचा कोणी बसून केला नाही.

निवृत्त_ओव्हरसियर:
ताई, याच्यावर भांडण नाही. माझ्या कपाटाचं दार गर्जनचंच आहे.

जेट्टीवरून_लिहितेय:
आम्ही ११ वर्षं इथे आहोत, नवऱ्याची नोकरी सरकारी. (आता श्री विजयपुरम म्हणायचं, तोंडात पोर्ट ब्लेअरच येतं.) दादा, तुम्ही विचारलंत काम का नाही. काम आहे, पण ऑक्टोबर ते मे, आणि त्यातही चांगल्या पगाराची माणसं, डाइव्ह इन्स्ट्रक्टर, हॉटेलचे मॅनेजर, ही बरीचशी मेनलँडहून आलेली. लोकल पोरांच्या वाट्याला गाडी, डोंगी (छोटी होडी) आणि सामान उचलणं. २०२० च्या मार्चमध्ये सगळं ठप्प झालं तेव्हा आमच्या गल्लीतल्या टॅक्सीवाल्याने टपावर कोबी-बटाटे ठेवून विकले, आणि तो बटाटासुद्धा जहाजानेच आलेला.

म्हणून प्रत्येकाला सरकारी पाहिजे. काहीच नाही तर डीआरएम, म्हणजे डेली रेटेड मजदूर, रोजंदारीच, पण सरकारची. दहा-दहा वर्षं पोरं डीआरएमवर काढतात, रेग्युलर होऊ या आशेवर, आणि वय निघून जातं. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत १५ ते २९ वयातल्या बेरोजगारीचा दर इथे ३३.६ टक्के निघाला, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या तिघांतला एक रिकामा. लक्षद्वीपचा तर याहून जास्त, ३६.२. बेटांचं दुखणं एकच, पैसा एकाच दारातून येतो, ते दार बंद झालं की संपलं.

एक चांगलं झालं, ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली. त्याआधी एक फॉर्म भरायला सायबर कॅफेत दुपार जायची. शेजारची मुलगी आता घरी बसून हैदराबादच्या कंपनीचं अकाउंट्सचं काम करते. तुमच्या पोराला कॉम्प्युटर येतो का बघा.

चाकणचं म्हणाल तर माझं मत, 'नको'. १६ हजारांत खोली, खाणावळ, आणि वर्षातून एकदा घरी यायचं म्हटलं तरी विमानाचं तिकीट बघा एकदा.

देवबागचो_झील:
त्याला पाण्यातलं येतं ना, मग गोडाऊनमध्ये कशाला सडवताय, मालवण-तारकर्लीला स्कुबा जोरात आहे, एमटीडीसीचं ट्रेनिंग सेंटर पण आहे.
पण खरं सांगू, टाइप करता करता माझ्याच लक्षात आलं, आमचा सीझन पण तोच. पावसाळ्यात बोटी वर ओढून ताडपत्री घालून बसतो आम्ही. तो हय येऊन जून ते ऑगस्ट काय करतलो? माझोच भाऊस गोव्याक हॉटेलात गेलोहा. तरी डाइव्हमास्टरचं सर्टिफिकेट असेल तर कळवा, दोन ठिकाणी शब्द टाकतो.

पनवेलचा_सीमन:
मर्चंट नेव्हीचा विचार केलात का? जीपी रेटिंग, म्हणजे जहाजावरच्या खलाशाचा सहा महिन्यांचा कोर्स, पण दहावीचे मार्क, इंग्रजी आणि डोळे बघतात, रंग ओळखता यायला हवेत. वयाची अट आधी तपासा, २६ म्हणजे बहुतेक गेलंच. आणि नवी मुंबईत 'थेट जॉइनिंग' म्हणून लाखो रुपये मागणारे एजंट गल्लोगल्ली आहेत, कोर्स डीजी शिपिंगच्या (केंद्राचं जहाज खातं) यादीत आहे का हे बघितल्याशिवाय रुपया देऊ नका. माझे दीड लाख असेच गेले, नाव घेत नाही.

ठाणेकर_टूरवाला:
सगळ्यांचे आभार. काल रात्री व्हिडिओ कॉल केला. नेव्हीचं वय गेलंय. डाइव्हमास्टर नाही, त्याच्या आधीचे दोन कोर्स झालेत, पुढच्याला पैसे नाहीत. चाकणचं सांगितलं तर लगेच हो म्हणाला, जरा जास्तच लगेच. मग मागून वडिलांचा आवाज आला, विचारत होते की गोडाऊनमध्ये कसला माल असतो. मी म्हटलं प्लायवूड पण असतं. ते स्क्रीनसमोर आले आणि म्हणाले, कुठलं लाकूड? मला सांगता आलं नाही.

असं ठरलंय की मे पर्यंतचा सीझन तो तिकडेच करेल, राहिलेल्या कोर्सचे अर्धे पैसे मी ॲडव्हान्स देणार, पुढच्या तीन ग्रुपमधून वळते करून घेईन. जूनला चेन्नईच्या जहाजाचं बंक क्लासचं तिकीट काढतो म्हणाला, आयलँडर कार्डावर (बेटावरच्या रहिवाशांचं ओळखपत्र) सवलत मिळते, आणि पावसाळ्याचे तीन महिने चाकणला करून बघतो. देवबागचो झील, तुमचा नंबर मेसेजमध्ये टाका. आणि ताई, कॉम्प्युटरचं विचारलं, हसला नुसता.